उभं राहिल्यावर बीपी कोण मोजतं?

कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस संध्याकाळी मळमळतंय म्हणतो. तोंडाला लाळ सुटते, घामानं सदरा चिंब होतो, नजर धुरकट होते आणि रात्री घरचे त्याला पिकअपमध्ये घालून ग्रामीण रुग्णालयात आणतात. चोपडा असो, शिरपूर असो की शहादा, खरिपात असा पेशंट कुठल्याच सिस्टरला नवा नसतो. डॉक्टर अ‍ॅट्रोपिन हे त्या विषावरचं उताऱ्याचं औषध लिहून देतात, पण ते आणखी किती द्यायचं आणि कधी थांबायचं याचा अंदाज बेडपाशी उभ्या असलेल्या सिस्टरच्या नोंदींवरच बांधला जातो. ती बॅटरी मारून बाहुल्या बघते. काखेत हात घालून घाम सुकला का ते चाचपते. छातीला स्टेथोस्कोप लावून घरघर कमी झाली का ऐकते. काख कोरडी, छाती मोकळी, नाडी ८० च्या वर, वरचं बीपीही ८० च्या वर आणि टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या मोकळ्या झाल्या, की डोस लागू पडला. त्यापुढे गेलं तर पेशंट असंबद्ध बडबडू लागतो, अंग तापतं, लघवी अडते, पोटाचा आवाज बंद होतो. मग औषध काही वेळ थांबवून पुन्हा कमी प्रमाणात सुरू करावं लागतं. हे सगळं दर पाच-दहा मिनिटांनी, रात्रभर.

लाल विंचू चावलेल्या पेशंटचंही तसंच. आधी उलट्या आणि घाम, मग हातपाय बर्फासारखे थंड, बीपी चढलेलं, आणि उशीर झाला तर फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन ही बीपीची गोळी वापरून दाखवली आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू कमी केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. म्हणूनच ती दिल्यावर पेशंटला आडवंच ठेवायचं, उचलून उभं करायचं नाही, ही सूचना सिस्टर नातेवाइकांना दहा वेळा देते. उभं केलं तर बीपी धाडकन कोसळतं.

हे दोन्ही पेशंट म्हणजे आपल्या स्वायत्त मज्जासंस्थेवर बाहेरून झालेला हल्ला. कीटकनाशक या संस्थेतल्या निरोप्या रसायनाचा निचरा अडवतं, विंचवाचं विष तिला बेफाम सोडतं. म्हणजे खान्देशातल्या सिस्टर या संस्थेचे सगळ्यात आरडाओरडा करणारे आजार वर्षानुवर्षं हाताळत आल्या आहेत. राहून जातात ते याच संस्थेचे मुकाट्यानं चालणारे आजार. त्यांना रात्रीची धावपळ लागत नाही, म्हणून त्यांच्याकडे बघायला कोणी नेमलेलंही नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे कामही मुख्यतः नर्सिंगचंच आहे आणि ते शिकवून, अधिकार देऊन करून घ्यायला हवं.

आपोआप चालणारी कामं

हृदयाचे ठोके, बीपी, घाम, पचन, लघवी-शौच, बाहुल्यांचं लहान-मोठं होणं, लैंगिक क्षमता. यातलं बहुतेक काही आपण ठरवून करत नाही. ही कामं स्वायत्त मज्जासंस्था करते. तिच्या दोन मुख्य शाखा आहेत: एक शरीराला धावपळीसाठी तयार करते, दुसरी विसावा आणि पचन सांभाळते. दोघींचा तोल सतत हलत असतो.

सगळ्यात जास्त कसोटी लागते ती एका साध्या कृतीत, उभं राहण्यात. आपण आडवे असताना उठून उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. चढावरच्या शेतात ठिबक टाकणाऱ्याला ही अडचण माहीत आहे: दाब जरा कमी पडला की वरच्या टोकाच्या नळीला थेंब येत नाही. शरीरात वरचं टोक म्हणजे मेंदू. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब ओळखणारे संवेदक असतात. ते मेंदूला कळवतात, तिथून निरोप सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नाडी थोडी वाढते. काही सेकंदांत सगळं जागेवर. आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे निरोप नेणाऱ्या नसाच झिजल्या असतील तर? दाब पडतो आणि पडलेलाच राहतो. ‘उभं ऱ्हायनं का डोयासमोर अंधारी येस,’ असं म्हणणारे आजी-आजोबा अहिराणी मुलखातल्या प्रत्येक गल्लीत सापडतील. त्यावर घरातलं ठरलेलं उत्तर असतं: पित्त झालं, अशक्तपणा आहे, वय झालं, एक सलाईन लावून घ्या. सलाईननं दोन दिवस बरं वाटतंही.

झिजण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे जुना मधुमेह. त्याखालोखाल पार्किन्सन आणि त्याचे भाऊबंद आजार, मणक्याची इजा, गुलियन बॅरे (नसांना सूज येऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार), काही वेळा कुष्ठरोग. (कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर घाम येत नाही, तो कोरडा राहतो, हे चट्ट्यातल्या घामाच्या नसा गेल्याचं लक्षण आहे आणि आरोग्यसेविकांना ते पूर्वीपासून शिकवलं जातं.) आणि बरेचदा कारण आजार नसतो, गोळ्या असतात. त्यावर पुढे येतोच.

दहा मिनिटांचं मोजमाप

उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं उतरलं आणि उतरलेलंच राहिलं, तर ते नोंदवण्याजोगं आहे. ही जगभर मान्य असलेली व्याख्या आहे. अडचण अशी, की आपल्याकडे बीपी जवळजवळ नेहमी बसवून मोजलं जातं. बसलेल्या माणसाचं १३०/८० आलं की कागदावर टिकमार्क. तो केसपेपर घेऊन बाहेर पडताना दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, हे कुणी लिहीत नाही.

नीट मोजायचं तर असं. पेशंटला खाटेवर पाच मिनिटं आडवं ठेवायचं, बोलायचं नाही. बीपी आणि नाडी लिहायची. मग उभं करायचं, आणि पट्टा बांधलेला हात हृदयाच्या पातळीवर टेकवून धरायचा, कारण लोंबकळत्या हातात आकडा वाढून येतो आणि नेमका तोच आपल्याला चकवतो. एका मिनिटाला पुन्हा, तीन मिनिटांनी पुन्हा. दर वेळी नाडीसुद्धा. मागे खुर्ची हवी आणि बाजूला माणूस हवा. आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न: ‘आते कसं वाटस?’ काही जणांना चक्कर येत नाही, नुसती मान आणि खांदे भरून येतात, डोळ्यांपुढे पिवळसर होतं, बोलण्याचा धागा सुटतो. तेही लिहायचं.

एक उदाहरण घेऊ. पंधरा वर्षांचा मधुमेह असलेले एक बाबा. आडवे असताना १३८/८०, नाडी ७६. उभं राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला १०४/६६, नाडी ८२. वरचं बीपी ३४ नं पडलं, नाडी मात्र फक्त सहानं वाढली. इथंच खरी गोम आहे. शरीरात पाणी कमी असतं किंवा रक्त कमी असतं तर नाडी पळाली असती, शंभराच्या पुढे गेली असती. ती पळाली नाही, म्हणजे तिला पळवणाऱ्या नसाच थकल्या आहेत. ढोबळ हिशेब असा: नाडीतली वाढ भागिले वरच्या बीपीतली घट. उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं तर दोष नसांचा असण्याची शक्यता जास्त. इथं ६ भागिले ३४, म्हणजे जेमतेम ०.१८. या निदानाला ना स्कॅन लागला ना नाशिक-मुंबईची चक्कर. बीपीचं मशिन, घड्याळ, आणि मोजणाऱ्याला माहिती.

उलटंही घडतं. एखादी सतरा वर्षांची मुलगी शाळेच्या प्रार्थनेत उभी राहिली की धडधड, थरथर, डोकं गरगर. बीपी पडत नाही, पण नाडी उसळते. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत मोठ्या माणसात ३० नं, बारा ते एकोणीस वयात ४० नं नाडी वाढत असेल, आणि हा त्रास तीन महिन्यांहून जास्त चालू असेल तर त्याला पॉट्स म्हणतात. हा बहुतेक तरुण मुली-बायकांना होतो, आणि म्हणून त्याला आपल्याकडे मिळणारी नावं फार वाईट असतात: नखरे, परीक्षेची भीती, बाहेरची बाधा. मात्र पॉट्स म्हणण्याआधी हिमोग्लोबिन बघायलाच हवं. नंदुरबार पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्याचीही तपासणी हवी. अ‍ॅनिमियामुळे पळणाऱ्या नाडीला पॉट्स म्हणण्यात काय अर्थ?

गोळ्यांची पिशवी

आता त्या बाबांच्या पिशवीत डोकावू. शुगरच्या गोळ्या आहेतच. बीपीच्या दोन, त्यातली एक लघवी वाढवणारी. लघवीला धार नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली टॅम्सुलोसिन. पायांची आग होते म्हणून तिसऱ्यांनी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर आहे. पण टॅम्सुलोसिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि लघवीची गोळी, तिन्ही उभ्या माणसाचं बीपी पाडू शकतात. आणि धार नसणं, पायांची आग, चक्कर ही तिन्ही गाऱ्हाणी बहुधा एकाच झिजलेल्या जाळ्याची असतात, पण ती तीन दवाखान्यांत वाटली गेलेली असतात.

यात आणखी एक पेच आहे. अशा अनेक पेशंटचं बीपी उभं असताना पडतं आणि आडवं झालं की चढतं. आडव्या पेशंटचं १७० बघून गोळी वाढवली, की पहाटे लघवीला उठताना तो पडणार आणि खुब्याचं हाड मोडणार. अशा वेळी गोळी कोणती आणि किती हे डॉक्टरच ठरवणार, आणि पेशंटनं आपल्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही. पण हा पेच डॉक्टरांसमोर आकड्यांनिशी मांडणारं कोणीतरी हवं. पिशवी टेबलावर उपडी करून प्रत्येक पाकीट कोणी, कधी, कशासाठी दिलं हे विचारायला लागणारा वेळ ओपीडीतल्या डॉक्टरकडे नसतो. प्रशिक्षित सिस्टरच्या कामाचा तो पहिला भाग असतो.

तिच्या कामाचा दुसरा भाग म्हणजे एरवी न विचारले जाणारे प्रश्न. शुगर खूप खाली गेली तरी घाम-थरथर होत नाही का? चालताना छातीत दुखत नाही पण दम एकदम वाढलाय का? मधुमेहात या नसा गेल्या की हार्ट अटॅकही न दुखता येऊ शकतो. दोन घास खाल्ले की पोट फुगतं, सकाळचं जेवण संध्याकाळी उलटून पडतं का? जठर रिकामं व्हायला वेळ लागत असेल तर जेवणाआधीचं इन्सुलिन अन्नाच्या आधीच कामाला लागतं आणि शुगर पडते. आणि पुरुषांमधली लैंगिक तक्रार, जी बहुधा सगळ्यांत आधी सुरू झालेली असते आणि सगळ्यांत शेवटी सांगितली जाते. बाई सिस्टरला तर गडी सांगतच नाहीत. त्यासाठी एखादा ब्रदर प्रशिक्षित असणं किती सोयीचं पडतं, हे कुठल्याही वॉर्डात विचारून बघा.

घरी काय सांगायचं

या आजारातली निम्मी लढाई औषधांची नाहीच. सकाळी खाटेवरून उठण्याआधी दोन मोठे पेले, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी एका दमात प्यायलं, तर नसा थकलेल्या माणसाचं बीपी थोड्या वेळात वर येतं आणि तासभर टिकतं. (हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. मीठ वाढवायचं का, हेही तेच सांगणार. शेजाऱ्याला सांगितलं म्हणून आपण वाढवायचं नाही.) खाटेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा ठेवायच्या. सहा इंच उंची मिळते. रात्रीचं चढणारं बीपी त्यानं आवरतं, रात्रीची लघवी कमी होते आणि सकाळचं पडणं घटतं. उशा रचून हे साधत नाही, नुसती मान वाकते. उठताना आधी कुशीवर, मग खाटेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं, मग उभं. चक्कर येतेय असं वाटलं तर पायाची कात्री करून मांड्या आवळायच्या किंवा सरळ उकिडवं बसायचं. रात्री लघवीला पुरुषांनीही बसूनच जावं. बाळंतिणीचं पोट बांधतात तसा पोटपट्टा दिवसा, उभं राहण्याआधी बांधायचा आणि झोपताना सोडायचा.

जेवणाचं वेगळं सांगावं लागतं. पोट भरून जेवलं की रक्त आतड्यांकडे वळतं आणि पुढचे दोन तास बीपी खाली राहू शकतं. पिठूळ-गोड जेवणानं जास्तच. आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस, लग्नात वरण-बट्टी, वर मे महिन्याचं ऊन. पंगतीतून उठताना आजोबा कोसळले की लोक उन्हाला दोष देतात, आणि तो अगदीच चुकीचा नसतो, कारण उष्णतेनं रक्तवाहिन्या आणखी सैल होतात. पण अर्धा दोष पानातला असतो. थोडं-थोडं, चार वेळा खायला सांगावं; मांडा खाऊच नका असं सांगणारी सिस्टर पुन्हा घरात घेतली जाणार नाही.

उन्हाचा तर वेगळाच धोका. ज्यांच्या घामाच्या नसा गेल्या आहेत त्यांना घाम येत नाही, आणि जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना घाम न येणं म्हणजे अंग तापत जाणं. ओला पंचा आणि पाण्याचा फवारा हेच त्यांच्या कातडीचं काम करतात.

मिडोड्रिन, फ्लुड्रोकोर्टिसोन अशी बीपी वर ठेवणारी औषधं लागतात काहींना. मिडोड्रिनची शेवटची गोळी आडवं होण्याच्या किमान चार तास आधी घ्यायची असते, नाहीतर रात्री बीपी चढतं. दुपारी जेवून दोन तास लवंडायची सवय असलेल्या घरात हे वेळापत्रक बसवणं म्हणजे चिठ्ठीवर ‘दिवसातून तीनदा’ लिहिण्याइतकं सोपं नाही.

एक गोष्ट जी प्रत्येक घराला माहीत हवी

विहिरीत किंवा झाडावरून पडून मणक्याला इजा झालेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल तर एक विचित्र आणीबाणी उद्भवू शकते. पेशंट अचानक डोकं फुटतंय म्हणतो, चेहरा लाल, कपाळावर घाम, नाडी संथ, आणि बीपी भडकलेलं. या पेशंटचं नेहमीचं बीपी ९० ते ११० च्या घरात असतं, त्यामुळे त्याचं १५० म्हणजेसुद्धा धोक्याची घंटा, हे नव्या माणसाला कळत नाही.

कारण बहुतेक वेळा कमरेखाली असतं: कॅथेटरची नळी अंगाखाली दबलेली, पिशवी तुडुंब, किंवा शौच अडकलेलं. भरलेल्या मूत्राशयाचा निरोप तुटलेल्या मणक्यामुळे वर पोहोचत नाही, पण खालच्या खाली रक्तवाहिन्या आवळून टाकतो. पहिलं काम: त्याला उठवून बसवा, पाय खाली सोडा. करदोटा, पट्टा, घट्ट कपडे सैल करा. मग नळी पाहा, मुरगळली असेल तर सरळ करा, पिशवी रिकामी करा. नळीत गाळ बसला असेल तर ती बदलावी लागते. तरी उतरलं नाही तर तातडीनं दवाखाना. आडवं झोपवून डोक्याला बाम चोळत बसणं हे इथं सगळ्यात घातक. ही माहिती घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ करवून घेणं, आणि पेशंटच्या खिशात त्याचं नेहमीचं बीपी लिहिलेलं कार्ड ठेवणं, हेही नर्सिंगच.

तज्ज्ञ सिस्टर म्हणजे नेमकं काय

लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या न्यूरॉलॉजीच्या राष्ट्रीय रुग्णालयात या आजारांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि तिथं याच कामात मुरलेल्या नर्सेस आहेत. त्या पेशंटला औषधांचं वेळापत्रक बसवून देतात, घरच्यांना शिकवतात, पुढच्या अडचणींचा पाठपुरावा करतात. आपल्याकडे न्यूरो नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम आहे, अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. स्वायत्त मज्जासंस्थेच्या आजारांसाठी वेगळी शाखा नाही. ती उद्या निघेल अशी वाट बघण्यात मला फारसं स्वारस्य नाही.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. प्रत्येक ठिकाणी एक-दोन अधिपरिचारिकांना हे काम नेमून देता येईल. त्यांना लागणारी साधनं वॉर्डात आहेत. साध्या ईसीजी मशिनवर, मिनिटाला सहा संथ श्वास घ्यायला लावून श्वास घेताना आणि सोडताना पडणाऱ्या ठोक्यांमधला फरक मोजता येतो. मिनिटाला १५ किंवा जास्त ठोक्यांचा फरक निरोगी, १० च्या खाली गेला तर नसा थकल्याचा संशय, अर्थात वयाचा विचार करून. एडिंबरामध्ये १९७० च्या दशकात बसवलेल्या अशा चाचण्या आजही चालतात. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी आडवं-उभं बीपी घ्यायचं आणि संशय आला तर या सिस्टरला फोन करायचा.

पण काम नेमून दिलं आणि अधिकार दिला नाही तर ती आणखी एक वही होईल. उभं राहिल्यावर बीपी अमुक इतकं पडलं असेल तर पुढची बीपीची गोळी रोखून डॉक्टरांना कळवावं, असं लेखी ठरलेलं हवं. आणि अशी सिस्टर सहा महिन्यांत बाळंतपणाच्या वॉर्डात बदलून जाऊ नये. या पेशंटचा आजार वर्षानुवर्षांचा असतो, त्यांना ओळखीचा आवाज लागतो.

शंभर माणसांच्या रांगेत प्रत्येकाला दहा मिनिटं देता येणार नाहीत, हे उघड आहे. सगळ्यांना लागतही नाहीत. टाइप दोनचा मधुमेह असेल तर निदान झाल्यापासूनच या नसांकडे लक्ष ठेवावं आणि टाइप एकमध्ये पाच वर्षांनंतर, असा मधुमेहाच्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. त्यांच्याबरोबर पार्किन्सनचे पेशंट, गेल्या वर्षात एकदा तरी पडलेले म्हातारे, आणि नुकतीच प्रोस्टेटची किंवा बीपीची नवी गोळी सुरू झालेले. एवढ्यांना निवडलं तर रांग आटोपशीर होते. तपासणीच्या खाटेवर एक जण पाच मिनिटं आडवा असताना सिस्टर शेजारच्या टेबलावर दुसऱ्याची गोळ्यांची पिशवी उपडी करून बघू शकते.